सव्वादोन पट उजेड, दहापट किंमत

"मामा, जन्मभर लोकांना कर्जं दिलीस, आता मला दे," म्हणत भाचीनं माझ्यापुढे कागद ठेवला. ती लग्नांचे फोटो काढते. तिच्याजवळ कॅननची ५० मिलिमीटरची लेन्स आहे, १.८ ची. तिला हवी होती त्याच मापाची १.२ ची. किंमत दहापटीहून जास्त! निवृत्त झालो असलो तरी कर्जप्रस्ताव दिसला की माझा हात चष्म्याकडे जातोच.

आधी हे आकडे समजून घेऊ. लेन्समध्ये उजेड आत घेणारं एक छिद्र असतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं लहानमोठं होणारं. आकडा जितका लहान, तितकं ते मोठं उघडतं. ५० ला १.८ नं भागलं की त्याचा व्यास येतो, सुमारे २८ मिलिमीटर. १.२ नं भागलं तर जवळजवळ ४२. म्हणजे उजेड सव्वादोन पट. उजेड सव्वादोन पट आणि पैसे दहापट! आमच्या शाखेत असा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत गेला असता.

पण यात निव्वळ लूट नाही. छिद्र मोठं झालं की कडेनं येणारे किरण एका बिंदूत मिळत नाहीत, चित्र धूसर होतं. त्यांना वळण लावायला मोठी, जड आणि महाग भिंगं लागतात. २०१५ साली आलेल्या १.८ च्या लेन्समध्ये सहा भिंगं आहेत, वजन १६० ग्रॅम. २००६ च्या १.२ मध्ये आठ, त्यातलं एक खास वेगळ्या वक्रतेचं घडवलेलं, आणि वजन अर्ध्या किलोच्या वर.

मग एका रविवारी ओळखीच्या छायाचित्रकाराकडून ती लेन्स उसनी आणली. गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, कॅमेरा तिवईवर बसवला. भर उन्हात छिद्राचा आकडा ८ वर ठेवून दोन्ही लेन्सनं फोटो काढले आणि नावं झाकून संगणकावर शेजारी शेजारी ठेवले. कोणता कुठल्या लेन्सचा, हे मला ओळखता आलं नाही. भाचीलाही नाही. छिद्र पूर्ण उघडल्यावर स्वस्त लेन्सच्या चित्राचे कोपरे मऊ आणि काळसर झाले; पण महागडीही तिच्या १.२ वर कोपऱ्यात तशीच मऊ पडली.

नावाचा दबदबा आणि डोळ्यांची साक्ष यांतला हा झगडा जुना आहे. १९५० साली 'लाइफ' साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. त्या काळी उत्तम लेन्स म्हणजे जर्मन, असा सगळ्यांचा समज. जुन मिकी या जपानी छायाचित्रकारानं ८५ मिलिमीटरच्या निक्कॉर लेन्सनं त्याचा फोटो काढून दाखवला. तो पाहून डंकन चकित झाला आणि कोरियाच्या युद्धावर जाताना त्यानं त्याच जपानी लेन्स नेल्या. नाव न बघता फोटो बघितला, एवढंच त्यानं केलं.

संध्याकाळी मात्र माझा निकाल डळमळला. देवापाशी निरांजन लावून आक्का बसली होती. दिवे मालवून भाचीनं फोटो काढले. १.८ नं आक्का अंधारात बुडाली. तेवढ्याच वेळात १.२ नं तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती उजळली. अर्थात, पाचांपैकी तीन फोटोंत नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे धूसर, कारण इतक्या मोठ्या छिद्राला बोटभराचीही चूक खपत नाही.

मी भाचीला म्हटलं, "गेल्या लग्नाचे फोटो उघड." कोणत्या आकड्यावर फोटो काढला, याची नोंद डिजिटल फोटोत आपोआप राहते. दोनशे फोटो मोजले. छिद्र पूर्ण उघडलेले निघाले अकरा. त्या अकरांसाठी कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद थोडी वाढवली तरी भागतं. फार तर चित्र जरासं रवाळ होतं. ती स्वतःच हसली आणि कागदाची घडी घातली. जिथे खरी गरज पडेल त्या दिवशी ती लेन्स भाड्यानं आणायची, असं ठरलं.

हिशेब जुळला, पण रात्री झोप आली नाही. फिल्मच्या दिवसांत, तालुक्याच्या शाखेत असताना, एका छायाचित्रकारानं अशाच लेन्ससाठी कर्ज मागितलं होतं. "साहेब, गोरज मुहूर्ताची लग्नं असतात, त्यात वीज जाते," तो सांगत होता. फिल्मची ताकद रोल घालतानाच ठरलेली. फोटोगणिक ती वाढवायची सोय त्याच्या कॅमेऱ्यात नव्हती. भाचीजवळ आज जी पळवाट आहे, ती त्याच्याजवळ नव्हती. 'गरजेपेक्षा महाग' असा शेरा मारून मी अर्ज परत केला.

भाचीला विचारला तो प्रश्न, "तुझे किती फोटो अंधारात असतात?", मी त्याला विचारलाच नव्हता. लेन्स घेणाऱ्या प्रत्येकानं तो आधी स्वतःला विचारावा. कर्ज देणाऱ्यानंही.