इराकचा क्लेचा

इराक देशांत ईद आली म्हणजे मुसलमानांच्या घरीं आणि नाताळ किंवा ईस्टर आला म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या घरीं, खजूर भरलेलीं क्लेचा नांवाचीं बिस्किटें होतात. बसऱ्याचा खजूर पूर्वी गलबतांतून मुंबईस येत असे. त्याच खजुराचें हें पक्वान्न होय. सारणांत साखर घालावी लागत नाहीं.

सारें यश सारणावर आहे. बिया काढलेला खजूर थोड्या लोण्यांत मंद आंचेवर परतून, वेलदोड्याची पूड घालून घोटावा. आम्हीं प्रथम घाईनें त्यांत पाणी ओतलें. त्या पाण्याची वाफ होऊन गुंडाळ्या भट्टींत फुटल्या, रस पत्र्यावर जळाला, आणि मुलें वाट पाहून निजलीं! पाणी मुळींच नको. सारण पुरतें निवूंही द्यावें. ऊन सारणानें पिठांतील लोणी वितळतें. मैद्यांत लोणी व किंचित् यीस्ट घालून मळलेलें पीठ फुगलें म्हणजे पातळ पोळी लाटावी, तिजवर सारण पसरावें, घट्ट गुंडाळावें, आणि अळुवडीप्रमाणें बोटभर जाडीचे काप करावे. वरून अंड्याचा बलक लावून तांबूस भाजावे. भट्टी नसल्यास तापलेल्या वाळूवर, झांकलेल्या पातेल्यांतही होतात. मात्र वरची बाजू फिकट राहते.