भयाचा हिशेब आणि वेशीवरचा मारुती

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूरचा फाटा लागतो. मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशाच जाऊ लागल्या, की या भागातल्या गावांत माणसांच्या बोलण्यातून पावसाचा विषयच हळूहळू नाहीसा होतो. ज्याचे भय वाटते त्याचे नाव घ्यायचे नाही, अशी माणसाची जुनी रीत आहे. पेरलेले बियाणे जमिनीत असते, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते, आणि दुबार पेरणीला पैसा कोठून आणायचा हा प्रश्न रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र टाळता येत नाही. अशा वेळी नवस बोलला जातो. पाऊस पडला तर नारळ, पीक आले तर भंडारा. अर्थशास्त्राच्या भाषेत हा विम्याचा हप्ताच होय. फरक इतकाच, की येथे हप्ता नुकसान टळल्यावर भरावयाचा असतो!

या व्यवहाराला श्रद्धा म्हणावे काय? भयाने केलेली भक्ती भय वाढवते, कारण तिच्यात देवाचेही एक नवे भय मिळालेले असते. नवस फेडावयाचा राहिला तर काय, ही धास्ती मूळच्या धास्तीत जमा होते.

याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथे १६०८ साली झाला. परंपरागत चरित्रे सांगतात, की वडील वारल्यानंतर हा नारायण नावाचा मुलगा एकदा घरातल्या अंधाऱ्या खोलीत लपून बसला होता आणि आईने विचारले तेव्हा आपण साऱ्या जगाची काळजी वाहत आहोत असे म्हणाला. पितृछत्र हरपलेल्या पोराने अंधारात बसावे यात नवल नाही. पुढे लग्नाचा विषय निघाला. अंतरपाट धरीपर्यंत नाही म्हणायचे नाही, असे वचन आईने घेतले. मुलाने ते अक्षरशः पाळले आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मांडवातून निघून गेला. आईची आज्ञा जेथे संपली तेथे दुसरी, मोठी आज्ञा सुरू झाली, असा या कथेचा अर्थ भाविक लावतात. तो मानला तरी बोहल्यावर उभ्या राहिलेल्या त्या मुलीच्या मनात त्या घटकेला कोणते भय दाटले असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही, हेही खरे.

परंतु पळून जाण्यापेक्षा त्यानंतरची बारा वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. नाशिकजवळच्या टाकळीला पहाटे उठणे, नदीच्या पाण्यात उभे राहून जप करणे, माधुकरी मागणे, अध्ययन करणे, हा क्रम रोजचा होता. आज्ञापालनाचे खरे रूप अशा नेमात दिसते. मन तयार होईल तेव्हा काम करू, असे म्हणणाऱ्याचे मन बहुधा तयार होतच नाही. भय उरते, पण उजाडताच करावयाचे काम ठरलेले असले म्हणजे भयाला दिवसाचा मालक होता येत नाही. परीक्षेच्या धास्तीने पुस्तक न उघडणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळावयास हरकत नाही.

रामदासांनी मारुतीची स्थापना गावोगाव का केली, याचे उत्तर बलोपासना असे दिले जाते. ते अपुरे आहे. समुद्राकाठी सारे वानर आपापली झेप किती याचा हिशेब मांडून खचले, तेव्हा मारुती एका बाजूस गप्प बसला होता. जांबवंताने त्याच्या सामर्थ्याची आठवण दिली तेव्हा तो उठला. तो उडाला तो रामाचे काम होते म्हणून. आपण निर्भय आहोत हे सिद्ध करण्यासाठी नव्हे. सेवक आणि निर्भय ही दोन विशेषणे एकाच मूर्तीला लागावीत, आणि ती मूर्ती मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात असावी, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

अर्थात आज्ञा कोणाची, हा प्रश्न उरतोच. भगताची, बुवाची आज्ञाही आज्ञाच असते. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. जी आज्ञा माणसाला अधिक भेदरट, अधिक एकाकी करते ती देवाची नसावी, एवढी कसोटी सामान्य माणसाला पुरेशी आहे. शिवाय काही भये देवावर सोपवावयाची नसतातच. १९७२ च्या दुष्काळात उपासमारीच्या भयाने लाखो माणसे खडी फोडावयास गेली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. ते काम शासनाचे होते, प्रार्थनेचे नव्हे. शेतकऱ्याला श्रद्धा ठेव असे सांगून त्याच्या कर्जाचा प्रश्न बाजूस सारणे हा अप्रामाणिकपणा होय.

तरीही कायदा पोहोचत नाही असा एक कोपरा राहतो. कर्जाचा खरा आकडा बायकोला न सांगणारा, भावकी काय म्हणेल म्हणून बँकेची पायरी टाळणारा माणूस या भागात दुर्मिळ नाही. आत्महत्येच्या बातम्यांमागे पुष्कळदा हे न बोललेले आकडे असतात. अशा माणसाने वेशीवरच्या मारुतीपुढे हात जोडले तर जोडावेत. पण घरी परतल्यावर कोनाड्यातले पासबुक काढून घरच्यांसमोर उघडावे. ती झेप समुद्रावरच्या झेपेहून फार लहान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बहुधा कधी कर्ज काढलेले नसते.