बदाम सात संगणकाला शिकवा!

१९८२च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अनेकींच्या जागी टोलेजंग कार्यालये आली. तेथे आमच्या मुलांनी फक्त दारावर पहारा करायचा काय?

क्लासची फी परवडत नाही म्हणून अडू नये, असे आम्हाला वाटते. पायथॉन ही संगणकाची भाषा मोफत मिळते. तिच्यात चाळीतला ‘बदाम सात’ लिहून पाहा. ५२ पत्ते ही यादी. पिसणे, वाटणे या आज्ञा. बदामची सत्ती पडली की त्याच रंगाची छक्की किंवा अठ्ठी, नाहीतर दुसरी सत्ती, नाहीतर पास, ही अट. एक नियम लिहायचा राहिला की खेळ अडतो, आणि तो शोधतानाच मूल विचार करायला शिकते.

परळच्या बीआयटी चाळीत राहूनच बाबासाहेबांनी ज्ञानसाधना केली. बांधवांनो, पत्ते खेळणाऱ्या पोरांवर नुसते ओरडू नका. हाच खेळ त्यांना लिहायला बसवा!