नावांची यादी नसलेला वीरदिन

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तके जमवत आग्नेय आशियाचा इतिहास वाचत आलो. होसे रिझाल यांच्यामुळे फिलिपिन्सकडे वळलो आणि तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्यांपाशी अडलो. रिझाल यांचा दिवस ३० डिसेंबरला, आंद्रेस बोनिफासिओ यांचा ३० नोव्हेंबरला. मग ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी येणारा ‘राष्ट्रीय वीर दिन’ कोणाचा?

त्यासाठी १८९६ च्या ऑगस्टमध्ये जावे लागते. बोनिफासिओ आणि त्यांच्या साथीदारांनी १८९२ मध्ये मनिलात स्थापन केलेल्या ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेचा सुगावा १९ ऑगस्टला स्पॅनिश सत्तेला लागला. धरपकड सुरू झाली. शेकडो सभासद मनिलाच्या उत्तरेकडील खेड्यांत जमले आणि त्यांनी आपापले ‘सेदुला’ फाडून टाकले. सेदुला म्हणजे कर भरल्याचा दाखला, ओळखपत्रही तेच. तो फाडल्यावर परतीची वाट उरत नव्हती. ८४ वर्षांच्या मेलचोरा आकिनो यांनी या बंडखोरांना जेवू घातले, आसरा दिला. त्याबद्दल त्यांना ग्वाम बेटावर हद्दपार करण्यात आले.

हे नेमके कुठे आणि कधी घडले, यावर मात्र अजून वाद आहे. प्रत्यक्ष हजर असलेल्यांच्या आठवणीही जुळत नाहीत. पूर्वी २६ ऑगस्ट आणि बालिंतावाक हे गाव मानले जाई; १९६३ पासून सरकारने २३ ऑगस्ट आणि पुगाद लाविन हे ठिकाण मान्य केले. वीर दिन या वादापासून दूर राहिला. अमेरिकी अमलात, १९३१ च्या कायद्याने, ऑगस्टचा शेवटचा रविवार त्यासाठी ठरला. २००७ मध्ये रविवारचा सोमवार झाला. जोडून सुट्टी मिळाली की लोक प्रवास करतील, हा त्यामागचा हिशेब होता.

या दिवसाला कोणा एकाचे नाव जोडलेले नाही. इतकेच काय, रिझाल यांनाही ‘राष्ट्रवीर’ घोषित करणारा कायदा फिलिपिन्समध्ये नाही. १९९३ मध्ये अध्यक्ष रामोस यांनी यासाठी समिती नेमली. समितीने १९९५ मध्ये नऊ नावे सुचवली. त्यांत रिझाल, बोनिफासिओ, आकिनो होते, तसे एमिलिओ आगिनाल्दोही होते. शिफारस तशीच पडून राहिली. घोषणा केली तर जुने वाद उकरले जातील, अशी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. आगिनाल्दो यांच्याच क्रांतिकारी सरकारने १० मे १८९७ रोजी बोनिफासिओ यांना देहदंड दिला होता. मारणारा आणि मारला गेलेला, दोघेही एकाच यादीत!

सुरुवातीला मला ही सरकारी टाळाटाळ वाटली. शिवाय नावे न ठरवण्यात धोकाही आहे: ‘वीर’ हा शब्द मग कोणालाही वापरता येतो. मनिलाजवळ ‘वीरांची दफनभूमी’ आहे. २०१६ मध्ये तिथे हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस यांचे दफन झाले, तेव्हा त्यांच्या राजवटीत छळ सोसलेली माणसे रस्त्यावर उतरली. वीर कोण, हे सत्तेने ठरवले की काय होते ते त्यांना ठाऊक होते.

म्हणूनच आज माझे मत बदलले आहे. यादी केली असती, तर ती नेत्यांचीच झाली असती. ऑगस्ट १८९६ मध्ये जमलेल्यांपैकी बहुतेक जण कारकून, मजूर, शेतकरी होते. त्यांनी फाडलेल्या त्या कागदांवर त्यांची स्वतःची नावे होती. त्यांच्यासाठी वर्षातला एक दिवस कोणाचेही नाव न लावता मोकळा ठेवावा, हे मला आता योग्य वाटते.