ओळख वाइनची : सिल्वानर आणि पांढरी शतावरी

जर्मन वाइन म्हटलं की रीसलिंगचं नाव आधी येतं. पण जेवायला बसताना मला विचारलंत, तर मी सिल्वानर मागेन. रीसलिंग आल्या आल्या लक्ष वेधून घेते. सिल्वानरची चव कळायला समोर ताट लागतं.

ही द्राक्षजात मूळची ऑस्ट्रियाकडची. 1659 साली तिची रोपं फ्रँकोनियातल्या कास्टेल गावी लावली गेली. फ्रँकोनिया म्हणजे बव्हेरियाचा उत्तर भाग. तिथे माइन नदीकाठी वुर्त्सबुर्ग शहर आहे आणि भोवतीच्या उतारांवर द्राक्षमळे. एकेकाळी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांची चुनखडी आज वेलींच्या मुळांखाली आहे. इथल्या सिल्वानरला हिरव्या सफरचंदाचा, वाळल्या गवताचा आणि किंचित ओल्या मातीचा वास असतो. आंबटपणा रीसलिंगपेक्षा सौम्य.

बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असेल तर ती ड्राय, म्हणजे रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने संपवलेली. कायद्याने लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. आंबटपणा पुरेसा असेल तर 9 ग्रॅमपर्यंतही. फ्रँकोनियाचा जुना रिवाज मात्र 4 ग्रॅमच्या आतला, आणि मला तोच पटतो.

आता ताटाकडे. वसंतात जर्मनीत सगळीकडे श्पार्गेल दिसू लागतो. हा आपल्या औषधी शतावरीच्याच कुळातला, पण इथे मुळं नव्हे, कोवळे कोंब खातात. ओळीने मातीचे उंच वरंबे घालतात आणि कोंबाचं टोक उजेडात यायच्या आत मातीत सुरी घालून तो कापतात. ऊन लागलेलंच नसल्यामुळे तो पांढराशुभ्र राहतो. वरची चिवट साल काढून मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी घातलेल्या पाण्यात तो शिजवतात. सोबत उकडलेले बटाटे, हॅमचे काप आणि अंड्याचा बलक, लोणी व लिंबू यांचा हॉलंडेज सॉस. ऊन ऊन वरण-भात, तूप-लिंबू ज्यांना प्रिय आहे, त्यांना या ताटातलं सुख समजावून सांगावं लागणार नाही.

पण वाइनसाठी ही भाजी अवघड. तिच्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे लाकडी पिंपात मुरलेली वाइन कडवट लागते, आणि रेड वाइन तर तोंडात धातूची चव ठेवून जाते. सिल्वानरला लाकडाचा वास नसतो, स्वतःचा सुगंधही बेताचा. भाजीचा हलका कडवटपणा आणि वाइनचा मातकट वास जुळून येतात, तर बेताचा आंबटपणा सॉसमधलं लोणी जड होऊ देत नाही. रीसलिंगचा आंबटपणा मला इथे जरा टोचतो.

24 जूनला, संत जॉनच्या दिवशी, कापणी थांबते. पुढे कोंब वाढू देतात, म्हणजे झुडपाला पुढच्या वर्षीसाठी मुळांत अन्न साठवता येतं. सिल्वानरला मात्र वर्षभर काम असतं. थंडीच्या महिन्यांत तळलेला कार्प मासा असतो, आणि कांदा घातलेल्या व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेले सॉसेजही. आपल्याकडे नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर परतलेलं पापलेट तिच्याबरोबर छान लागेल. झणझणीत रश्श्याबरोबर ती घेऊ नये. मद्यार्काने तिखटाची आग आणखी भडकते आणि वाइनची चव हरवते.

फ्रँकोनियाची चांगली सिल्वानर अनेकदा चपट्या, गोल पोटाच्या ‘बॉक्सबॉयटेल’ बाटलीत मिळते. हा आकार तिथल्या वाइनची खूण आहे. ती साधारण 10 अंशांवर प्यावी. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर मातीचा वास जाणवतच नाही. दहा-पंधरा मिनिटं ती टेबलावर राहू द्यावी. तेवढ्यात बटाटे सोलून होतात.