शालीचा नकाशा



मागच्या नाताळच्या विक्रीत आपल्यापैकी अनेकांनी आमच्या विणकाम वर्गाच्या शाली घेतल्या. त्या शाली दोनदा विणलेल्या होत्या, हे मात्र तेव्हा कोणाला सांगितले नव्हते. पहिल्या खेपेला सहा बहिणींनी अकरा दिवस विणलेले सगळे उसवावे लागले. चूक त्यांची नव्हती, माझी होती. ती कशी झाली आणि तिच्यातून आम्ही काय शिकलो, ते या अंकात लिहावे असे ठरवले. आपल्या मंडळ्यांत क्रोशे करणाऱ्या पुष्कळ भगिनी आहेत. प्रभुभोजनाच्या मेजावरचा पांढरा रुमाल बहुधा त्यांच्यापैकीच कोणाच्या हातचा असतो. त्यांनाही याचा उपयोग होईल.

आमचा वर्ग जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात भरतो. येणाऱ्या बहिणी बहुतेक वारली आणि कोकणा समाजाच्या. काही जणी चौथी-सातवीपर्यंत शिकल्या, काहींनी शाळा पाहिलीच नाही. हात मात्र सगळ्यांचे तयार. त्यामुळे पद्धत अशी पडली होती, की इंग्रजी पुस्तकातली ओळ मी वाचायची, मराठीत सांगायची आणि त्यांनी विणायचे. मी एखाद्या दिवशी आले नाही की सुया थांबायच्या.

त्या शालीच्या कृतीत जागोजागी ‘डबल क्रोशे’ लिहिले होते. मी लहानपणी वसतिगृहात ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकावर शिकले. त्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. माझ्या हातातली कृती अमेरिकन होती. अमेरिकेत त्याच डबल क्रोशेचा अर्थ पूर्ण खांब असा होतो, आणि त्यालाच ब्रिटिश पुस्तके ‘ट्रेबल’ म्हणतात. शब्द एक, टाके दोन. मी सांगत गेले, त्या विणत गेल्या. ओळी दाटल्या, कडेच्या साखळ्या बाहेर फुगल्या, शाल कडक झाली. शेवटी एक बहीण पुस्तकातल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, की यातली शाल जाळीची दिसते, आपली गोणपाटासारखी का? मग तिनेच त्या पानाच्या खालच्या बाजूला असलेली आकृती दाखवली. मी ती आतापर्यंत सजावट समजत होते. त्या आकृतीत प्रत्येक खांब उंच होता. तिथे चुकायला जागाच नव्हती.

या आकृतीला आमच्या वर्गात ‘नकाशा’ म्हणतात. ती शाल वरून पाहिल्यावर टाके जसे दिसतील तसे मांडलेले चित्र आहे. प्रत्येक टाक्याला एक खूण असते आणि ती खूण ज्या जागेवर उभी असते, तिथेच सुई घालायची असते. भाषा कोणतीही असो, खुणा जवळपास त्याच. जपानमध्ये तर या खुणांचे औद्योगिक प्रमाण ठरवलेले आहे, म्हणून जपानी अक्षर न ओळखणाऱ्या बायकाही तिथल्या पुस्तकांवरून विणू शकतात.

खुणा फार नाहीत. साखळीची खूण पोकळ लंबगोल असते, भाताच्या दाण्यासारखी. दोन टोके जोडताना दोरा नुसता ओढून घेतो, तो जोडटाका म्हणजे भरीव ठिपका. मुका खांब म्हणजे फुली. काही पुस्तकांत फुलीऐवजी अधिकचे चिन्ह असते, पण टाका तोच. खांब म्हणजे घराची मेढ: उभे लाकूड आणि त्याच्या डोक्यावर एक आडवे. या मेढीच्या अंगावर एक तिरकी रेघ मारलेली असली की तो पूर्ण खांब, दोन रेघा असल्या की दुहेरी खांब. या रेघा म्हणजे सुई आत घालण्याआधी तिच्यावर दोऱ्याचे जेवढे वेढे घ्यायचे तेवढ्या. एक रेघ, एक वेढा. दोन रेघा, दोन वेढे.

इथे एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. अर्ध्या खांबाच्या मेढीवर रेघ नसते, तरी वेढा एक घ्यावाच लागतो. फरक असा, की अर्ध्या खांबात सुईवरचे तिन्ही फासे एकदम ओढून घेतात, तर पूर्ण खांबात दोन-दोन करून सोडवतात. आधी वेढ्यांचा नियम पक्का करून मग अपवाद सांगावा असे मला वाटले होते. तसे केल्यावर दोघींनी अर्धा खांब वेढ्याशिवाय विणला आणि तो मुका खांब होऊन बसला.

यानंतर बघायचे ते खुणांचे पाय आणि डोकी. तीन मेढी खाली एकाच ठिकाणी उभ्या आणि वर पसरलेल्या असतील तर तिन्ही खांब एकाच जागेत घालायचे, म्हणजे तिथे विणकाम वाढते. पाय वेगवेगळे आणि डोकी एकत्र आलेली असतील तर तिथे टाके घटतात. पाय एखाद्या लंबगोलाच्या आत नसून साखळ्यांच्या कमानीखालच्या मोकळ्या जागेत असेल, तर सुई साखळीत टोचायची नाही, फटीतून घालायची. एवढे कळले की निम्मा नकाशा वाचून झाला.

आम्ही विणतो ती शाल त्रिकोणी आहे. मानेच्या मध्यापासून सुरू होते आणि पाठीवर टोक येते. नकाशात सुरुवातीला चार भातदाण्यांचे कडे दिसते, जोडटाक्याने जोडलेले. पहिली ओळ अशी: चार साखळ्या, कड्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा कड्यातच तीन खांब, एक साखळी आणि शेवटी एक खांब. सुरुवातीच्या चार साखळ्यांपैकी तीन मिळून कडेचा एक खांब धरतात आणि चौथी ही फट. तीन खांबांच्या जुडग्याला आम्ही ‘तिकडी’ म्हणतो आणि मधल्या दोन साखळ्यांच्या जागेला ‘खिडकी’. ही खिडकीच पुढे शालीचा कणा होते.

दुसऱ्या ओळीला काम उलटायचे. पुन्हा चार साखळ्या, कडेच्या फटीत एक तिकडी, एक साखळी. खिडकीत एक तिकडी, दोन साखळ्या आणि आणखी एक तिकडी. मग एक साखळी, पलीकडच्या फटीत तिकडी, एक साखळी आणि टोकाला एक खांब, तो पहिल्या ओळीच्या चार साखळ्यांपैकी तिसरीत. पुढच्या सगळ्या ओळी याच चालीने जातात: प्रत्येक फटीत एक तिकडी, खिडकीत दोन, तिकड्यांच्या मध्ये एक साखळी. पहिल्या ओळीत दोन तिकड्या, दुसरीत चार, तिसरीत सहा. चाळिसाव्या ओळीत ऐंशी. नकाशात पाच-सहा ओळीच काढलेल्या असतात, कारण त्यापुढे काढायला नवे काही नसते.

यातून तपासणीची एक सोपी रीत निघाली. खिडकीच्या एका बाजूच्या तिकड्या मोजायच्या. जितक्या तिकड्या, तितकी ती ओळ. दहाव्या ओळीला एका बाजूला दहा भरल्या नाहीत तर चूक त्याच ओळीत किंवा तिच्या आधी आहे. ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्या डब्यात चिंचोके ठेवतात. ओळ संपली की एक चिंचोका टाकायचा आणि मग तिकड्यांशी जोड लावायची.

सगळ्यात जास्त अडखळणे झाले ते दिशेवर. हातातले काम ओळ संपल्यावर उलटते, कागद मात्र उलटत नाही. नकाशा नेहमी सुलट बाजूचाच असतो. म्हणून उजव्या हाताने विणणारी बाई पहिली, तिसरी, पाचवी ओळ नकाशावर उजवीकडून डावीकडे वाचते आणि दुसरी, चौथी, सहावी डावीकडून उजवीकडे. ओळीचा आकडा ज्या बाजूला छापलेला असतो तिथून ती सुरू होते. डावखुऱ्या बाईने हे उलटे धरावे. हे मी फळ्यावर तीनदा समजावले, पण कोणाच्याच डोक्यात शिरले नाही. मग एकीने विचारले, म्हणजे नांगरासारखे का? एक तास टोकाला गेले की बैल वळवायचा आणि शेजारच्या तासाने परत यायचे. तेव्हापासून मी फळा सोडून दिला.

त्यातही एक गंमत होती. काही पुस्तकांत त्रिकोणी शालीचा नकाशा ती अंगावर जशी दिसते तसा, म्हणजे कडे वर आणि टोक खाली, छापतात. विणताना मात्र आधीचे काम खाली असते आणि नवी ओळ वर चढते. कडे वर असेल तर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाताना दिसते आणि वर सांगितलेला नियम फसतो. म्हणून कागद फिरवून कडे आपल्याकडे, पोटाशी घ्यावे. अक्षरे उलटी होतात, पण जिला अक्षरे वाचायचीच नाहीत तिचे काही अडत नाही. उलट्या कागदावर आमच्या वर्गात फक्त मीच गोंधळत होते.

नकाशात नसते तेही सांगायला हवे. लोकर किती जाड, सुई किती मिलिमीटरची, हात किती सैल सोडायचा, हे चित्रात येत नाही. खुणांचे मापही खरे नसते, जागा पुरावी म्हणून त्या ताणलेल्या असतात. यासाठी आम्ही प्रत्येक नकाशासोबत चार ओळींचा विणलेला तुकडा सुतळीने बांधून ठेवतो. तो हातात घेतला की बाकीचे कळते. छापील नकाशाची मोठी प्रत काढून विषम ओळी लाल आणि सम ओळी निळ्या शाईने गिरवतो, म्हणजे बोट ओळीवरून घसरत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एका देणगीदार बंधूंनी विचारले. वाचून दाखवायला माणूस ठेवा, काम लवकर होईल, असे त्यांचे म्हणणे. हिशेबाने ते बरोबरही आहे. पण भात झोडून झाला की आमच्या वर्गातली निम्मी घरे जगायला बाहेर पडतात, बहुतेक वीटभट्ट्यांवर. तिथे वाचून दाखवणारे कोणी नसते. पूर्वी अर्धी शाल इथेच ठेवून बहिणी जात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतून टाका विसरलेल्या असत. यंदा चौघींनी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लोकरीसह सोबत नेला. भट्टीवर दिवसभर राबून विणायला किती वेळ मिळतो ते मला माहीत आहे, त्याचे कौतुक करावे असे नाही. तरी तिघी शाल पुरी करून आल्या. चौथीची लोकर भिजून खराब झाली.

दुसरे कारण आपण मिशनच्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू चांगला होता आणि कला टिकलीही. पुढे तिचा मोठा व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात दिसते ते असे, की घरोघरी बसून लेस विणणाऱ्यांच्या हातात फारच थोडे पैसे पडत आणि व्यापारी मोठे होत. कामाचे तुकडे केलेले असत. एक बाई फुले विणे, दुसरी ती जोडे. त्यांच्या श्रमाला घरबसल्या रिकाम्या वेळेतला उद्योग समजले जाई. आमच्या वर्गात संपूर्ण शालीचा नकाशा प्रत्येकीकडे असतो आणि किंमत ठरवताना त्या सगळ्या बसतात, ते नरसापूरचे वाचल्यानंतरच सुरू झाले. त्याआधी किंमत मीच ठरवत असे.

प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय आपल्याला ठाऊक आहे. टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने केलेले कपडे दाखवले. आमच्या प्रार्थनेत हा भाग वाचल्यावर एका बहिणीची शंका अशी होती, की दुर्कसने त्या विधवांना शिवायला शिकवले होते का? वचनात त्याचा उल्लेख नाही, असे मी सांगितले. मग आता त्यांचे कपडे कोण शिवणार, असे ती म्हणाली.

आपल्याकडे काही मागणे आहे. घरात क्रोशाची जुनी पुस्तके पडून असतील आणि त्यांत नकाशे असतील तर जरूर पाठवावीत, भाषा कोणतीही चालेल. नुसती लिहिलेली कृती असलेली पुस्तके मात्र आमच्या फारशी उपयोगाची नाहीत. लोकर पाठवताना एका शालीपुरती तरी एकाच लॉटची पाहावी, कारण तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये थोडा वेगळा येतो आणि शालीवर पट्टा उमटतो. आणि ज्या भगिनी सुटीत शिकवायला येऊ इच्छितात त्यांनी आधी घरी एक शाल फक्त नकाशावरून, शब्द झाकून, विणून पाहावी.

वर्गाच्या भिंतीवर आता या शालीचा मोठा नकाशा लावला आहे, मी स्वतः काढलेला. तो लावला त्याच दिवशी ती गोणपाटवाली बहीण त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने डब्यातले पाच चिंचोके काढून जमिनीवर मांडले आणि मला पाचव्या ओळीच्या डाव्या बाजूच्या तिकड्या मोजायला लावल्या. चारच होत्या. पेन मी तिच्याच हातात दिले. पाचव्या ओळीतली ती एक तिकडी बाकीच्यांपेक्षा थोडी जाड आणि कललेली आहे. वर्गाला भेट द्याल तेव्हा खिडकीपासून मोजत गेलात की सापडेल.