विंचू ‘चढतो’ म्हणजे काय होते?

आमच्या मराठवाड्यात विंचू नुसता चावत नाही, तो ‘चढतो’. आणि मग तो ‘उतरवावा’ लागतो. पैठणच्या नाथांनी विंचवावर भारूड रचले, त्याला चार शतके उलटली. तरी हे शब्द तसेच आहेत. संभाजीनगरात विज्ञान शिकवताना मला मुले हमखास विचारतात, “सर, चढतो म्हणजे नक्की काय होतं?”

उत्तर आपल्या मज्जातंतूंत आहे. मज्जापेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. काहींतून सोडियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, जातात, काहींतून पोटॅशियमचे. पेशी शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला, की सोडियमची दारे उघडतात, धनभारित कण आत घुसतात आणि विजेची लाट उठते. साधारण एका मिलिसेकंदात ही दारे आपोआप मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा शांत होते. दार उघडण्याइतकेच त्याचे वेळेवर मिटणे महत्त्वाचे!

लाल विंचवाचे विष नेमका इथेच घाव घालते. ते सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही आणि पोटॅशियमची काही दारे अडवते. मग मज्जातंतू थांबायचे नाव घेत नाहीत. अंगात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, हेच ते ‘चढणे’.

यावर उपाय शोधला तो आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. कोकणात महाड परिसरात त्यांनी असे रुग्ण बारकाईने अभ्यासले. १९८६ मध्ये त्यांनी व पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग मांडला. ही गोळी बिघडलेली दारे मिटवत नाही. पण आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयाला उसंत देते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी पाव हिश्श्याहून अधिक दगावत. वेळेवर उपचार मिळाल्यास आता शंभरात एखादाच. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बऱ्याच दंशांत नुसती कळ असते, ती आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला जाते. पण कोणता दंश साधा, कोणता जीवघेणा, हे घरबसल्या कसे ठरवणार? म्हणून मी मुलांना एवढेच सांगतो: विंचू उतरवायचा तो दवाखान्यात, आणि तोही लगेच.